कोण न्हाई ते

सुंदरामायला शाळा समितीची अध्यक्ष केलं, ते ती बोलत नाही म्हणून. माणूस ओळखण्यात आमच्या हेडसरांची चूक सहसा होत नसे. कोणता साहेब पेढ्याने खूश होतो आणि कोणता नुसत्या वाकून केलेल्या नमस्काराने, हे ते जीपचं दार उघडायच्या आत सांगत. सुंदरामायच्या बाबतीत मात्र ते सपशेल फसले. त्या शाळेतून मी बरोबर आणावा असा तेवढा एकच आनंद आहे.

गावाचं नाव सांगत नाही. कळमनुरीहून नांदेडकडे जाताना डोंगरकडा नावाचं मोठं गाव लागतं, त्याच्या आसपास कुठेतरी, एवढं पुरे. सातवीपर्यंतची शाळा, हेडसर धरून चार मास्तर आणि शंभरेक लेकरं. चौघांत मी सर्वांत नवा. त्यामुळे शिकवण्याखेरीज फळ्यावर सुविचार लिहिणं, मोबाईलवर माहिती भरणं आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं ही कामं माझ्याकडे होती. माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात या अक्षराने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नाही.

समितीचा अध्यक्ष पालकांपैकीच लागतो. हेडसरांना सही करणारा हवा होता, तोंड असलेला नको होता. सुंदरामायचा मुलगा आणि सून मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने पैनगंगेच्या काठाने फिरत. त्यांची मुलगी गोदी चौथीत, म्हणून तिची पालक आजीच. पन्नाशीची, काटक, डोंगराच्या उतारावर वीस-पंचवीस शेळ्या चारणारी बाई. खांद्यावर घोंगडी, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड आणि गालात कायम तंबाखू. तोंड भरलेलं असल्यामुळे ती हुं-हुं करूनच उत्तरं देई, आणि यावरून हेडसरांनी ठरवून टाकलं की बाई गरीब आहे. आम्हांला नंतर कळलं की बोलण्यासारखं काही असलं की ती आधी उठून बाहेर जाते आणि तंबाखू थुंकून येते. पुढे पुढे ती बैठकीतून उठली की हेडसर रुमाल काढत.

पहिल्या बैठकीला तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. ती बसली उंबऱ्यावर, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, कारण खुर्चीवरून शेळ्या दिसत नव्हत्या. चहा झाला. मी वही पुढे केली आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. ती उठली, बाहेर जाऊन आली.

"वाचा, मास्तर."

"नेहमीचंच आहे, माय."

"मंग नेहमीचंच वाचा."

मी वाचलं. सर्व सदस्य उपस्थित होते. शाळेच्या प्रगतीबद्दल सर्वांनी समाधान व्यक्त केले. सर्वानुमते ठराव मंजूर.

"सर्व म्हंजे कोन कोन?" तिने विचारलं. "इथं तर आमी चौघं हाव."

हेडसर हसून म्हणाले, बाकीच्यांच्या सह्या संध्याकाळी घरी जाऊन घेऊ, सगळे शेतात आहेत, त्यांना कशाला तकलीफ.

"बराबर हाय. मंग असं लिवा, कोन न्हाई ते."

"तसा रकाना नसतो, माय," हेडसर म्हणाले. सुंदरामायने त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि पेन धरून एकेक अक्षर कोरत 'सुंदरा' एवढं लिहिलं. तेवढंच तिला लिहिता येई, तेही गोदीने शिकवलेलं.

कोण नाही ते बघणं ही तिची जन्माची सवय होती. ती शेळ्या मोजत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मोजून काय कळंल? एक कमी हाय इतकंच. कोनती कमी हाय ते कसं कळंल? अन् ती कुठं असंल, ते तिचं नाव कळल्याबिगर कसं कळंल?" संध्याकाळी ती कळपावर एक नजर फिरवी आणि म्हणे, कबरी न्हाई. कबरीला बाभळीच्या शेंगांचा नाद, म्हणजे ती नाल्याकडे असणार. आणि ती तिथेच असे.

हाच डोळा ती आमच्या लेकरांवर ठेवी. शाळा सुटायच्या वेळी वळणावरच्या बाभळीखाली तिच्या शेळ्या असत. लेकरं तिच्यासमोरून घरी जात. दुसऱ्या दिवशी गोदीबरोबर निरोप येई की धोंडिबाची नात दोन दिस झाले आली न्हाई, मास्तरला बघायला सांग. मी हजेरी बघे, तर धोंडिबाची नात दोन्ही दिवस हजर. कारण आमच्या हजेरीत कुणी सहसा गैरहजर नसे. लेकरू गैरहजर दाखवलं की वरून विचारणा होते आणि हजर दाखवलं की कुणी काही विचारत नाही, इतकं सोपं ते होतं. शंभर लेकरांचं काय चाललं आहे हे गावात एका माणसाला ठाऊक असे, आणि तिला शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं.

शाळेत कलागुणांना वाव देण्याचंही काम जोरात चाले. वाव कसा देत ते सांगतो. तालुक्याहून पत्र आलं, मुक्त चित्रकला स्पर्धा घ्या, विषय 'माझा आवडता प्राणी'. हेडसर म्हणाले, मुक्त आहे म्हणून कसलंही काढू देऊ नका, वर पाठवायचं आहे. मी फळ्यावर मोर काढला. पिसारा निळा आणि मान हिरवी हेही सांगितलं. तासाभरात चाळीस मोर तयार झाले आणि सगळे डावीकडे बघत होते, कारण माझा मोर डावीकडे बघत होता. गावातल्या एकाही लेकराचा आवडता प्राणी मोर नव्हता. मोर हरभऱ्याची वाट लावतात म्हणून त्यांना ते दगड मारून हाकलत.

गोदीने शेळ्या काढल्या होत्या. एकीला कान अर्धा, एकीच्या पोटाशी भलतीच पाचवी तंगडी, रंग कोळशाचा आणि विटेचा. मी त्यावर लाल पेनाने फुली मारली आणि 'नीट काढ' असं सुंदर अक्षरात लिहिलं. सुंदरामाय त्या दिवशी कसल्याशा सहीसाठी आली होती. तिने तो कागद उचलून उजेडात धरला.

"ही कबरी," ती म्हणाली. "कानाला कुत्रं लागलं व्हतं तिच्या. ही बांडी. अन् ही भुरी, पोटाखाली करडू पिऊन राहिलंय, त्याचा पाय हाय ह्यो." मग तिने भिंतीवर चिकटवलेल्या मोरांकडे पाहिलं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पाहिलं. बाहेर जाऊन आली. "मास्तर, ह्यातला कोनता कोनाचा?"

 मागे नाव बघितल्याशिवाय सांगणं शक्यच नव्हतं. बक्षीस मोरालाच मिळालं, कोणत्या ते आठवत नाही.

नंतर सुरक्षिततेचं वारं आलं. कुठल्याशा शहरातल्या शाळेत काही वाईट घडलं, वर्तमानपत्रं चार दिवस भरली आणि आमच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. कंपाउंडची भिंत वाढली, भिंतीवर काचा लागल्या, लोखंडी गेट आलं, गेटाला कुलूप आलं. गेटाकडे तोंड करून एक कॅमेरा लागला. तक्रारपेटी आली. ती हेडसरांच्या खोलीत, हेडसरांच्या डोक्याच्या वर, म्हणजे तक्रार करायची तर लेकराने हेडसरांच्या खुर्चीवर चढायला हवं. गावातले शहाणे लोक येऊन हे सगळं बघून गेले आणि माना डोलावून गेले. यातले अर्धे स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत घालणारे. त्यांच्या पोरांना न्यायला रोज सकाळी एक काळीपिवळी जीप येई. आत चौदा, मागच्या पायरीवर तीन, आणि पुढे ड्रायव्हरच्या मांडीला चिकटून एक. जीप गेली की हे लोक कट्ट्यावर बसून लेकरांच्या सुरक्षिततेवर बोलत.

सुंदरामायने गेट, कुलूप, काचा सगळं फिरून पाहिलं. कुलूप हातात घेऊन हलवून पाहिलं.

"आमी मेंढरं वाघरात बसवतो," ती म्हणाली. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्या ठोकून लावतात ते जाळं. "वाघूर लांडग्यासाठी असतंय, सर. मेंढरांसाठी नसतंय. अन् धनगर जाळ्याला लागून बसतो, कान उघडे ठेवून. तुमी कुलूप लावून कुठं बसता?"

आम्ही कुठे बसत होतो ते तिला माहीत होतं. चहाच्या टपरीवरून वळण स्पष्ट दिसतं, आणि वळणावरून टपरी.

पण हेडसरांच्या डोक्यातून निघालेली सर्वांत थोर गोष्ट म्हणजे चिंतन कक्ष. लेकरांना मारायला बंदी आहे. हेडसर नियम पाळणारे, त्यांनी छडी मोडून बंबात घातली आणि त्याचा फोटो वर पाठवला. मग वापरात नसलेली साहित्याची खोली, पत्र्याची, खिडकी नसलेली, फुटक्या लेझमी आणि जुन्या पुस्तकांनी भरलेली, तिला बाहेरून कडी-कुलूप केलं. पेंटरकडून दारावर कमळ काढून घेतलं आणि खाली लिहून घेतलं, चिंतन कक्ष. चुकलेल्या लेकराने तिथे अर्धा तास एकट्याने बसून आपल्या चुकीचा विचार करायचा. तपासणीला आलेल्या साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी वहीत शेरा दिला.

"चिंतन म्हंजे काय असतंय?" सुंदरामायने मला विचारलं.

"विचार करणं, माय."

"मंग लेकराला आत काहून बसवता? इचार करायची गरज तुमाला हाय."

मी हसलो. मला वाटलं ती विनोद करते आहे. आमच्या शाळेत ती काय बोलते ते सगळ्यांनी विनोद म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. त्यामुळे काही करावं लागत नसे.

मार्चमधला शनिवार होता, सकाळची शाळा. भिंतीच्या मागे सुंदरामायची भुरी शेळी व्यायला झाली होती. मधल्या सुटीत तिसरीतली मीरा, मजुरी करणाऱ्या बापाची पोर, काचा चुकवून भिंतीवर चढली आणि तिथे बसून बघू लागली. सुंदरामायने खालून तिला दटावलं, उतर, पाय कापून घेशील. मीरा म्हणाली, करडू झाल्याबिगर उतरत न्हाई. करडू व्हायच्या आत हेडसर आले आणि तिला दंडाला धरून खाली ओढलं. ओढताना ती ओरडून म्हणाली, "माय, शाळा सुटल्यावर येते म्या. तोवर नाव ठिवू नको त्याचं."

वर्गात हेडसरांनी मला सांगितलं, हिला अर्धा तास बसवा. मी तिला चिंतन कक्षात नेलं. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "सर, पाट झाली का बोकड हे कोन सांगंल मला?" पाट म्हणजे मादी करडू. मी म्हणालो, "गप्प बसायचं. आवाज आला तर सोमवारी परत इथेच." मग मी कुलूप लावलं आणि चावी पॅंटच्या खिशात टाकली. पावणेदहा वाजले होते.

दहा मिनिटांनी फोन आला की कळमनुरीला प्रशिक्षण आहे, शाळेतून एकाने लगेच निघा. मी दहाची बस धरली. मला वाटलं हेडसर तिला सोडतील, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगायची तयारी केली होती. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मी विसरलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी विसरलो. प्रशिक्षणाचा विषय आनंददायी शिक्षण हा होता. टाळ्या कशा वाजवायच्या ते शिकवताना त्यांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं गोदीकडून आणि थोडं गावाकडून. साडेअकराला शाळा सुटली. लेकरं वळणावरून गेली. सुंदरामायने नजर फिरवली आणि म्हणाली, "मीरी न्हाई." गोदी म्हणाली, गेली असेल दुसऱ्या वाटेने. सुंदरामाय म्हणाली, करडू बघितल्याबिगर ती पोरगी कुठं जात न्हाई. तरी आधी तिच्या घरी जाऊन आली, आईबाप कामावर होते, घराला कडी होती. विहिरीवर जाऊन आली. मग शाळेत आली. तोवर एक वाजून गेला होता. हेडसर आणि दोघे मास्तर कुलूप लावून निघायच्या बेतात होते.

हेडसरांनी हजेरी उघडून दाखवली. मीरा, शनिवार, हजर. माझ्या सुरेख अक्षरात, दोन्ही वेळची. सकाळीच मी दोन्ही भरून टाकत असे.

"हजर हाय," सुंदरामाय म्हणाली. "मंग कुठं हाय?"

हेडसर म्हणाले, घरी गेली असेल, आता शाळेची जबाबदारी नाही. मग तिने त्यांना कॅमेरा बघायला लावला. त्यात गेट तेवढं दिसतं. गेटातून लेकरं बाहेर पडताना दिसली, एकेक करून सगळी. मीरा त्यात नव्हती.

"गेटातून न्हाई गेली. भिंतीवरून गेली असती तर शाळा सुटंस्तवर म्या मागंच व्हते. म्हंजे आत हाय."

ती एकेका दाराला हात लावत चालली. चिंतन कक्षाच्या दाराला कुलूप होतं. हेडसर म्हणाले, ती खोली सकाळपासूनच, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात राहिलं. त्यांनी मला फोन लावला. सात वेळा लावला. सुंदरामाय थांबली नाही. तिने कुऱ्हाडीने कोयंड्यावर घाव घातले, चौथ्या घावाला कमळ उभं फाटलं आणि दार उघडलं.

मीरा दाराशी पालथी पडली होती, दाराखालच्या फटीला नाक लावून. पत्रा इतका तापला होता की आत पाऊल टाकणाऱ्या मास्तराने ते मागे घेतलं. सुंदरामायने तिला उचलून हापशाखाली नेलं, डोक्यावर पाणी घातलं, ओठांना थेंब थेंब लावलं. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले.

"काहून ओरडली न्हाईस गं माय?"

"सर म्हणले, आवाज आला तर सोमवारी परत."

कोणते सर, हे कुणी विचारलं नाही. मग मीराने विचारलं, "काय झालं भुरीला?" सुंदरामाय म्हणाली, "पाट झाली. तू म्हणशील ते नाव."

पोरीला डोंगरकड्याला नेऊन सलाईन लावली आणि ती वाचली. मी चार वाजता फोन उघडला. उभ्या उभ्या खिशात हात घातला, चावी लागली, आणि तेव्हा कुठे मला ती पोर आठवली. एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

सोमवारी समितीची बैठक बसली. गेल्या पाच वर्षांत त्या समितीचे सगळे सदस्य कधी एकत्र आले नव्हते. त्या दिवशी झाडून सगळे आले. लेकरू दोन दिवस शाळेत नाही तर कुणाला पत्ता नसतो, पण शाळेचं नाव जायची वेळ आली की गाव कसं धावून येतं ते मी बघितलं. एकजण म्हणाला, चूक होते माणसाकडून. दुसरा म्हणाला, पोरगीबी काय कमी न्हाई, भिंतीवर चढती. तिसऱ्याला काळजी होती ती तोडलेल्या दाराची. मीराचा बाप दाराशी उभा होता. त्याला विचारलं तर तो पायाकडे बघत म्हणाला, "लेकरू वाचलं. आमची तक्रार न्हाई." दुसऱ्या दिवशीपासून त्याला यातल्याच दोघांच्या रानात कामाला जायचं होतं.

हेडसरांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. कुमारी मीरा ही खेळता खेळता साहित्य खोलीत गेली असता दार अनवधानाने बंद झाले. शाळेने तत्परतेने तिची सुटका केली. यापुढे सुरक्षिततेसाठी आणखी एक कॅमेरा बसवण्याचे सर्वानुमते ठरले. हेडसरांनी माझं नाव कुठे येऊ दिलं नाही. माझ्या नावामागे त्यांचं नाव आलं असतं. मी एका हाताने लिहीत होतो, दुसरा खिशात होता आणि खिशातली चावी मी मुठीत धरून ठेवली होती, वाजू नये म्हणून.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. वही उंबऱ्यावर गेली. सुंदरामाय उठली, बाहेर जाऊन आली.

"वाचा, मास्तर."

मी वाचलं. मला वाटतं माझा आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्याचीच मला आज किळस येते.

"दार आपलं आपन बंद झालं?"

"हो," हेडसर म्हणाले.

"कुलूपबी?"

हेडसरांनी रुमाल काढला. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. सुंदरामायने व्हरांड्यातून गोदीला हाक मारली, तिच्या हातात पेन दिलं आणि माझ्या मजकुराखाली बोट ठेवलं. "लिव. कोंडलं व्हतं."

गोदीने तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं. त्याखाली सुंदरामायने एकेक अक्षर कोरत 'सुंदरा' लिहिलं. "आता हाय माझी सही," म्हणाली आणि शेळ्यांकडे गेली.

आठवड्याभरात त्या वहीवर पाणी सांडलं. पाणी कसं सांडलं ते सांगायला नको. खराब झालेली वही रद्द करून नवी केली आणि मागचे सगळे ठराव मी तिच्यात उतरवून काढले, एक वगळून. जुन्या अध्यक्षांना शेळ्यांमुळे वेळ मिळत नाही या कारणाने नवे अध्यक्ष आले. ते बोलत नाहीत, आणि तंबाखूही खात नाहीत. साहित्याच्या खोलीला नवं दार बसलं, त्यावर कमळाऐवजी सूर्य आहे. पुढच्या वर्षी शाळेला तालुक्यात सुरक्षित शाळेचं बक्षीस मिळालं. फोटोत मी डावीकडून दुसरा आहे.

मग माझी सेनगावकडे बदली झाली. सेवापुस्तकात हेडसरांची एक सही राहिली होती, तिच्यासाठी दोन वर्षांनी मी परत त्या गावी गेलो. सही घेऊन निघालो तर शाळा सुटायची वेळ झालेली. वळणावरच्या बाभळीखाली शेळ्या होत्या आणि सुंदरामाय उभी होती, कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून. आता तिला कुणी अध्यक्ष म्हणत नव्हतं, गोदीही पैनगंगेकडे आईबापाबरोबर गेली होती. म्हणजे त्या शाळेत तिचं कुणीच उरलं नव्हतं. शेळ्यांत भुऱ्या रंगाची एक तरणी शेळी होती.

"हीच का ती?" मी विचारलं.

"व्हय. सुटी. मीरीनं नाव ठिवलं."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. लेकरं येऊ लागली. ती एकेका तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं मी जे घोकत होतो ते मग मी एकदाचं बोलून टाकलं.

"माय, त्या दिवशी कुलूप मी लावलं होतं."

"ठाव हाय."

"मीरानं सांगितलं?"

"तिनं कोनाचंच नाव घेतलं न्हाई." तिची नजर लेकरांवरून हलली नव्हती. "म्या दार तोडलं तवा तीन मास्तर पळत आले. एक न्हाई आला. म्या काय बघते ते तुमाला ठाव हाय."

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींची मी तयारी केली होती.

"मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "निदान बैठकीत तरी."

आता तिने तोंड फिरवून तंबाखू थुंकली.

"बैठकीत तुमी कुठं व्हते, मास्तर?"

"तिथेच होतो की, माय. तुमच्या समोर. लिहीत होतो."

"आस्सं," ती म्हणाली. "हजेरी असंल तुमची."

सगळ्यांत शेवटी मीरा गेटातून बाहेर आली, दप्तर एका खांद्यावर टाकून. "आली," सुंदरामाय म्हणाली, आणि सुटीला हाक मारून शेळ्यांमागे उताराला लागली.